सप्रेम भेट, बंधू गोपाल

"भावानं दिला हांडा, वर कोरलं त्याचं नाव,
घासून हात झिजला, झिजेना गं मेलं नाव..."

धामणगाव बढ्याला आमच्या घरामागच्या न्हाणीत माझी आत्या सिंधूताई राखेनं हांडा घासता घासता हे म्हणायची. मी तेव्हा फ्रॉकात होते. आवाज तिचा घोगरा, भरड दळल्यासारखा, आणि 'मेलं' या शब्दावर ती हांड्याला अशी एक रगड द्यायची की पितळ कळवळावं. तो हांडा तिच्यासोबत सासरी गेला होता आणि तिच्यासोबतच परत आला. माझ्या बापानं बहिणीला घरात घेतलं, नाही असं नाही. पण हांडा दारातच ठेवायला लावला, नावाची बाजू रस्त्याकडे करून.

"आत्या, नाव काऊन घालवून राह्यली वं तू?" मी विचारलं होतं.

"पाणी म्या भरायचं, तहान मले लागायची, अन् लोकाहीनं वाचायचं त्याचं नाव!" आत्या म्हणाली आणि राखेची मूठ पुन्हा पाण्यात बुडवली.

तेव्हा मला ते गाणं वाटलं. पुढं माझं लग्न नांदुऱ्याच्या गोपालरावांशी झालं आणि कळलं की ती सूचना होती.

आमच्या ह्यांना नावाचा नाद. नाव कमवायचा नव्हे. त्याला कष्ट पडतात. ह्यांना नाव लिहायचा नाद. बसस्टँडजवळच्या पाणपोईवर मडकी दोन आणि नाव मडक्यांहून मोठं. स्मशानात सिमेंटचा बाक दिला, त्याच्या पाठीवर लाल अक्षरात नाव. प्रेत जळेस्तोवर गाव आमच्या ह्यांच्या नावाला टेकून बसतं. घरात शिडीवर नाव, दळणाच्या डब्यावर नाव, मिक्सरच्या बुडाला नाव. माझ्या कपाळावर जागा कमी, म्हणून तेवढी मी सुटले.

स्टेशन रोडला ह्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. पुढच्या काउंटरवर मी बसते, लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरते. आतल्या टेबलावर हे बसतात आणि लोकांना नावं ठेवतात. गिऱ्हाईक पायरी चढलं की ह्यांचं तोंड असं होतं, जणू कुणी चपलांसकट देवघरात शिरलं. कुणी म्हणालं, भौ, प्रिंटर कागद गिळते, की हे म्हणणार, "मंग त्याले जेवू घालत जाय ना." आणि स्वतःच हसणार. लोकही हसतात. जवळपास दुसरं दुकान नाही, तर करतील काय?

राखी ह्यांची धाकटी बहीण. मेहकरला दिली. जावई ऋत्विकराव, त्यांचं खताचं दुकान आहे. लग्नात ह्यांनी बहिणीला लॅपटॉप दिला. दिला म्हणजे नुसता हातात दिला नाही. मांडवात माईकवरून पुकारा करून दिला. आणि त्याआधी गाड्यांच्या नंबरप्लेट करणाऱ्याकडून एक भलं मोठं रेडियमचं स्टिकर कापून आणलं. लाल अक्षरं, पिवळी किनार: 'चि. सौ. कां. राखी हिस सप्रेम भेट, बंधू गोपाल, नांदुरा.' आपल्याकडे आहेराच्या ताटावर, हांड्यावर, कळशीवर नाव असतंच. मग लॅपटॉपनं काय पाप केलं?

"वर लावलं तं सासरचे एखाद्या दिवशी खरवडून टाकतील," हे म्हणाले होते. "खाली लावतो. बुडाशी कोण पाह्यते! जलमभर राहीन." आणि अंगठ्यानं दाबून दाबून, एक बुडबुडा राहू न देता लावलं. पाठवणीच्या वेळी बहिणीच्या डोक्यावरून हात फिरवला, तो इतका दाबून फिरवला नव्हता.

यंदा राखी आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आली. आमच्याकडे लेकी आखाजीला येतात, झोके घेतात, गाणी म्हणतात, आणि झोका उतरला की सासरी जातात. झोका उतरला. सांजोऱ्या संपल्या. राखी गेली नाही. "लॅपटॉप स्लो होऊन राह्यला दादा, तेवढा दुरुस्त करून दे," म्हणाली.

मी तिची बॅग आत ठेवली होती. जड लागली म्हणून पाहिलं. वैशाखाच्या उन्हात ती स्वेटर घेऊन आली होती. आणि माझ्या सासूबाईंचा, रुखमाबाईंचा, फोटो. फ्रेमसकट, मागं भिंतीचा चुना लागलेला. आठ दिवसांसाठी माहेरी येणारी पोरगी भिंतीवरून आईचा फोटो उतरवून आणत नाही.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं मला खोटं सांगितलं असतं, आणि आमच्या घरात खोट्याचा साठा तसाही भरपूर आहे.

एवढं मात्र तिनं सांगितलं. एका शिकवणीच्या कंपनीत ती ऑनलाइन गणित शिकवते, सहावी-सातवीच्या मुलांना. वर्ग रंगात येतो आणि नेमका लॅपटॉप गाळात बसतो. पडद्यावर तिचं तोंड उघडं राहतं, आवाज तुटतो, पोरं हसतात, आईबाप तक्रारी करतात. वरच्या सुचिता मॅडमनी बजावलं होतं: गुरुवारी चारच्या वर्गाला मी स्वतः बसणार. पुन्हा अडकलात तर तुमच्या जागी दुसरं कुणी.

"वयनी, हे काम गेलं तं..." ती म्हणाली आणि थांबली. पुढचं वाक्य त्या फोटोच्या फ्रेमवर लिहिलेलं होतं. काम गेलं, तर मेहकर.

आणि ह्यांचा हिशोब उलटा. लॅपटॉप सुधरला, की मेहकर. "लेक माहेरी जास्त दिवस राह्यली की लोक बोलतात. नाव खराब होते," हे मला म्हणाले. एकाच स्क्रूवर भाऊ-बहीण दोघं टांगलेले, आणि पेचकस ह्यांच्या हातात.

पहिल्या दिवशी ह्यांनी लॅपटॉप काउंटरवर मांडला, बाह्या वर केल्या आणि गिऱ्हाइकांकडे एकदा पाहून घेतलं. काउंटरला कडूबा होता. कडूबा मोंढ्यात हमाली करतो. त्याचा रेशनचा फॉर्म कायम कुठं ना कुठं अटकलेला असतो, आणि खरं सांगायचं तर आमच्या दुकानातल्या पंख्याखाली बसायला त्याला आवडतं.

"कधी स्लो होते?" ह्यांनी विचारलं.

"सुरुवातीले मस्त चालते दादा. धा मिनिटांनी पंखा घोंघावते, तापते, अन् मंग माऊस असा चालते जसा गाळात फसला."

"पंखा घोंघावते म्हणजे व्हायरस. काय काय उघडून ठेवतं तू त्याच्यात?"

"एकच खिडकी असते. शिकवायची."

"एकच म्हणे! बायकाहीचं एकच मले ठाऊक हाये. साडी एकच घेतो म्हणतात अन् दुकान घरी आणतात." हे हसले. कडूबानं दात दाखवले. मी माझ्या कीबोर्डकडे पाहत राहिले, कारण त्याच्याकडे पाहिलं की डोकं शांत राहतं.

ह्यांनी सगळं पुसून नव्यानं भरलं. संध्याकाळपर्यंत पुसणं-भरणंच चाललं होतं. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप दहा मिनिटं हरणासारखा धावला आणि मग म्हशीसारखा बसला. ह्यांनी अँटिव्हायरस बदलला. पुन्हा हरीण, पुन्हा म्हैस. चार्जर बदलला. हरीण, म्हैस.

"गोपालभौ," कडूबा म्हणाला, "लोकाहीचे सुधरवता, अन् घरचंच सुधरेना?"

"तू आपला फॉर्म पाह्य बे."

मग ह्यांनी पडद्यावर प्रोसेसरचा आलेख उघडला. निळी रेघ उंच जात होती आणि पंखा घोंघावला की एकदम धपकन खाली, तळाशी, सरपटत. वेगाचा दहावा हिस्सासुद्धा उरत नव्हता.

"हे पाह्य, सापडलं!" हे म्हणाले. "प्रोसेसरच कामचोर हाये. ताकद असून पळत नाई. आता याले काय म्हणावं? बाईच्या हातात राहून राहून बाईवानी झाला. जरासा ताप चढला की बसला खाली."

राखी खाली मान घालून उभी होती. तिनं ओठ असा आत घेतला होता की मला वाटलं आता बोलेल. बोलली नाही. रुखमाबाईंनी वाढवलेली पोरगी. भावापुढं तोंड उघडायचं ते फक्त घासासाठी, अशा शिस्तीतली.

गुरुवार उजाडला. दुपारी दुकानात ऊन भट्टीसारखं आलं. ह्यांनी शेवटी लॅपटॉप उलटा केला, म्हणजे बूड वर. आणि पहिलं काम काय केलं असेल? फडकं घेतलं आणि स्टिकर पुसलं. वाकून, फुंकर मारून, प्रेमानं.

"पाह्यलं? तीन वर्सं झाले, एक अक्षर नाई गेलं. काम म्हणतात याले."

"नाव लय मोठं झालं भौ, लॅपटॉपच्या मानानं," कडूबा म्हणाला. "सारं बूडच झाकलं."

"देनाराचं नाव मोठंच असते."

"अन् घेनाराचं?"

"तुह्या फॉर्मचं काय झालं बे?"

स्क्रू सुटले. झाकण निघालं. झाकण ह्यांनी बाजूला ठेवलं, नाव वर करून, काळजीनं, जसं नारळाचं ताट ठेवावं. आत पंखा होता, पण पंखा दिसत नव्हता. पात्यांवर एक पिवळट पांढरा थर, भाकरीच्या परातीला बसतो तसा. ह्यांनी बोटानं थोडं काढलं, चोळलं, नाकाला लावलं आणि मोठ्यानं हसले.

"राखे! हा लॅपटॉप हाये का पोळपाट? कणीक हाये ही कणीक! अन् हे तेलकट काय? फोडणी? मोहरीचा दाणा निंघाला पाह्य याच्यातून! कडूबा, पाह्य बे, आमच्या बहिणीनं प्रोसेसरले फोडणी देली!"

कडूबा हसला नाही. तो राखीकडे पाहत होता.

"पीठ कुठूनबी येते दादा," राखी म्हणाली.

"कुठूनबी कसं येईन? तुले तं त्याहीनं एसीची खोली देली वर. ऋत्विकराव मले स्वतः म्हणाले. टेबल, खुर्ची, पडदे. मी चार लोकाहीत सांगून राह्यलो, बहिणीले ऑफिस करून देलं सासरच्याहीनं!"

राखीनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच, पटकन, आणि मला सगळं घर दिसलं. बंद दाराची एसीची खोली, ज्यात सासरे अर्जुनराव दुपारी झोपतात. ओटा. ओट्यावर एका हाताला पोळपाट, दुसऱ्या हाताला लॅपटॉप, आणि मधे उभी राहून पोरांना अपूर्णांक शिकवणारी ही. तव्याचा धूर एका श्वासात हिच्या छातीत, दुसऱ्या श्वासात त्या पंख्यात. कुकरची शिट्टी झाली की माईक बंद करायचा. सासू सत्यभामाबाईंनी हाक मारली की माईक बंद करायचा. मला सिंधूताईचीच चाल आठवली, आणि शब्द माझेच त्यात येऊन बसले:

"लेकीला दिली खोली, भावाला वाटे सुख,
चुलीच्या धुरामधी, दिसेना गं तिचं मुख."

आणि हे, शेजारी उभे राहून, मोहरीचा दाणा सगळ्यांना दाखवत होते.

साफसफाई झाली. ब्रश फिरला, प्रोसेसरवर ताप ओढून घेणारी नवी पेस्ट लागली. झाकण न लावताच ह्यांनी लॅपटॉप दोन डब्यांवर टेकवून सुरू केला. रेघ उंच गेली आणि उंचच राहिली. दहा मिनिटं झाली, जास्त झाली. हरीण धावतच होतं.

"झालं!" हे ओरडले. "सांगतलं होतं ना? घाण होती. घाण ठेवणाराचा दोष, देणाराचा नाई." झाकण लावलं, स्क्रू आवळले, वरून एक थाप दिली.

थोड्या वेळानं पंखा घोंघावला. रेघ धपकन खाली आली.

ह्यांनी झाकण काढलं. रेघ वर गेली. झाकण लावलं. रेघ खाली आली. घामानं ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला. घड्याळ तीनच्या पुढं गेलं होतं.

"भौ, त्याले बहुतेक कपडे सहन होऊन नाई राह्यले," कडूबा म्हणाला. "ऊनच तसं हाये."

"कडूबा, तू घरी जाय."

तेवढ्यात मेहकरहून फोन. ह्यांनी स्पीकरवर लावला; जावयाचा फोन गावानं ऐकावा अशी ह्यांची आवड.

"बोला बोला ऋत्विकराव!"

"भाऊ, राखीले कधी धाडता?" तिकडून आवाज आला. "आईचे गुडघे धरून राह्यले, घरात करायले कोणी नाई. पोळ्या बाहेरून आणा लागून राह्यल्या."

"लॅपटॉप होतच आला बघा. तेवढं झालं की..."

"त्या डब्ब्याच्या नादी कायले लागता? इकडं तसंबी त्याचं काय काम हाये? टाइमपास होय तो तिचा. तुमी आपलं उद्याच्या गाडीत बसवून द्या."

"हो हो. उद्या सकाळचीच गाडी."

फोन ठेवून हे म्हणाले, "किती जीव लावतात पाह्य. दोन दिवस करमत नाई त्याहीले."

करमत नाही कुणाला, पोटाला की जावयाला, हे विचारावं असं माझ्या जिभेवर आलं होतं. राखी घड्याळाकडे पाहत होती. तिचे हात असे एकमेकांत गुंतलेले, जसा झोक्याचा दोर हातात असावा आणि झोका मात्र कुणीतरी केव्हाच काढून नेलेला असावा.

"झाकणालाच कुठं तडा असंन," हे पुटपुटले. "आतून टेकत असंन कुठं." ह्यांनी झाकण उचललं आणि दाराच्या उजेडाकडे धरलं.

बाहेर स्टेशन रोडवर ऊन पांढरंफटक होतं. झाकणाला खालच्या बाजूनं हवा आत यायला बारीक फटींची जाळी असते. एका कोपऱ्यातल्या दोन फटींतून उजेडाच्या सळ्या आल्या. बाकी सगळी जाळी काळी. आणि त्या काळ्या जाळीच्या पलीकडून, उन्हानं पेटल्यासारखी, लालसर, उलटी अक्षरं दिसत होती. उलटी असली तरी मला वाचता आली. मी या घरात ती सगळ्या बाजूंनी वाचली आहेत.

कडूबालाही दिसलं. त्याला अक्षर येत नाही, पण उजेड कळतो. "भौ," तो हळू म्हणाला, "याच्या तं नाकातोंडावरच चिकटवलं कोणी."

ह्यांनी झाकण खाली आणलं, वर नेलं, पुन्हा खाली आणलं. बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि ते काही बोलत नाहीत असं दृश्य मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहत होते. मी ते मनात जपून ठेवलं, सणाच्या साडीसारखं.

मग ते म्हणाले, "रेडियमवाल्याची चूक हाये. एवढं मोठं कापायले कोणं सांगतलं होतं त्याले?"

"तुमीच," मी म्हणाले.

"मंग सोपं हाये. गरम सुई घ्यायची, अन् अक्षराच्या मधल्या मोकळ्या जागेत भोकं पाडायचे. 'गोपाल'मधी जागा हाये भरपूर. नावबी राह्यते अन् हवाबी जाते."

खरं सांगते, मी या माणसासोबत इतकी वर्षं काढली, पण त्या क्षणी मला त्याची कीव आली नाही, रागही आला नाही. एखाद्या बोडक्या टेकडीवर एकटाच उभा असलेला मैलाचा दगड पाहावा, तसं मी त्याच्याकडे पाहिलं. सगळ्या रस्त्यानं पुढं निघून जायचं, आणि यानं आपलं नाव घेऊन तिथंच उभं राहायचं.

"आणा इकडं," मी म्हणाले. झाकण हातातून काढून घेतलं. टेबलामागं खोबरेल तेलाची बाटली होती, ती स्टिकरवर उपडी केली. तीन वर्षं तापून तापून तो गोंद प्लास्टिकमध्ये मुरला होता. नखानं कड उचकटली, तुटली. पुन्हा उचकटली. 'चि.' निघालं. 'सौ.' निघालं. 'सप्रेम'चा चिंधड्यांचा गोळा झाला. हे समोर उभे राहून, अंगावरची कातडी सोलावी तसे, प्रत्येक अक्षराला डोळे मिटत होते.

"बंधू तरी राहू दे," एकदा म्हणाले.

मी घासत होते. बोटं सोलवटली, तेलात रक्ताचा एक धागा उतरला, आणि माझ्या तोंडातून आपोआप सिंधूताईचा घोगरा सूर निघाला. 'मेलं' या शब्दावर मी तशीच रगड दिली. आत्याला जे पितळेवर जमलं नाही, ते प्लास्टिकवर जमलं. झाकण उजेडाला धरलं, तर सगळी जाळी चाळणीसारखी चमकत होती.

पावणेचारला झाकण लागलं. राखी लॅपटॉप घेऊन दुकानामागच्या खोलीत गेली आणि दार लोटलं.

आम्ही बाहेर बसलो. मी काउंटरवर, हे टेबलावर, कडूबा पंख्याखाली. चार वाजले. आतून राखीचा आवाज आला. आधी जरा कापरा, मग सरळ, मग मोठा. "भाकरीचे चार तुकडे केले आणि एक पाहुण्याला दिला, तर आपल्याकडं किती उरली? नाही बाळा, 'थोडी' हे उत्तर नाही." मुलं हसली. तीही हसली, खळखळून. असा आवाज तिला आहे हे मला ठाऊक नव्हतं. ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांनाही ठाऊक नव्हतं. सख्खा भाऊ असून. दहा मिनिटं झाली. पंखा घोंघावला नाही. अर्धा तास झाला. आवाज तुटला नाही. अपूर्णांकांची वजाबाकी सुरू झाली, आणि कडूबा तोंडातल्या तोंडात उत्तरं देऊ लागला, बहुतेक चुकीची.

वर्ग संपला. एक नवा आवाज ऐकू आला, शहरी, नेमका. सुचिता मॅडम असाव्यात. "उत्तम. पुढच्या महिन्यापासून आपण तुमचे वर्ग वाढवू."

दार उघडून राखी बाहेर आली. कपाळावर घाम होता, पण चेहरा धुतल्यासारखा. लॅपटॉप तिनं छातीशी धरला होता, बूड बाहेर करून. कोरं, काळं, तेलकट बूड.

तोवर हे सावरले होते. ह्यांना सावरायला वेळ लागत नाही. आत काही हललेलंच नसतं. "पाह्यलं?" ते कडूबाला म्हणाले. "शेवटी सापडला का नाई फॉल्ट? कोणाले सापडला असता? चल राखे, झालं तुह्यं काम. बॅग भरून ठेव. ऋत्विकरावले सांगतो, उद्या सकाळच्या गाडीनं येऊन राह्यली म्हणून." आणि खिशातून फोन काढला. "अन् यावर लहानसं एक स्टिकर देतो करून. कोपऱ्यात. हवेले अडणार नाई असं."

"दादा," राखी म्हणाली.

"काय?"

"मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"स्टिकरचं. लग्न झालं त्याच वर्सी कंपनीतल्या पोरानं फोनवर सांगतलं होतं, मॅडम, खाली काही चिकटवलं असंन तं काढून टाका, त्याचा जीव घुसमटून राह्यला."

"मंग काढलं काऊन नाई? येडी हाये का तू?" हे हसायला लागले, कडूबाकडे पाहून. कडूबा हसला नाही. "तीन वर्सं तापवत बसली! अरे एका नखाचं काम..."

"तुह्यं नाव होतं ना त्याच्यावर."

हे हसायचे थांबले.

"एसीची खोली नाई दादा. कधीच नव्हती. ओट्यावर उभं राहून शिकवत होती मी, पोळ्या लाटता लाटता. लॅपटॉप स्लो झाला की तिथं सारे म्हणत, हिच्या भावानं भंगार देलं. मी तेबी ऐकून घेतलं, पण नाव नाई काढलं. अन् मले काय काय म्हणत, ते इथं सांगतलं असतं तं तुह्यं नाव गेलं असतं. म्हणून तेबी नाई सांगतलं." तिनं लॅपटॉपच्या कोऱ्या बुडावरून तळवा फिरवला. तिथं आता तिच्याच बोटांचे ठसे उमटत होते. "आता वयनीनं नाव काढलं, मी मोकळी झाली. फोन ठेव खाली. मी मेहकरले जात नाई. उद्याबी नाई, कधीच नाई."